पॅच जुळतोय तरी रोल सॉफ्ट येतोय? रेंजफाइंडर उघडायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेमची चाल बहुतेक वेळा सेम असते. जुन्या बाजारातून नाहीतर कुणाच्या काकांच्या कपाटातून एक कॅनोनेट किंवा याशिका इलेक्ट्रो (जुने जपानी, फिल्मचे रेंजफाइंडर कॅमेरे) येते, शटर वाजतंय, लेन्स बरी दिसतेय, पहिला रोल टाकला जातो आणि निम्मे फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर. मग कुणीतरी सांगतं की रेंजफाइंडर (फोकस जुळला का ते दाखवणारी यंत्रणा) आउट झालाय, अलाइन करून घे. अलाइन होतो, पॅच (डोळा लावायच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, मधोमध दिसणारा ठिपका, ज्यातली दोन चित्रं एक झाली की फोकस झाला असं धरतात) मस्त जुळायला लागतो, पुढचा रोल जरा बरा येतो (किंवा तसं वाटतं, कारण पैसे दिलेले असतात), आणि दोन-तीन महिन्यांनी परत तेच. परत मेकॅनिक, परत पॅच. माझ्या एका मित्राच्या कॅनोनेटचं असंच गुऱ्हाळ चालू होतं, आणि मला जे लोक विचारतात त्यातल्या बऱ्याच जणांची हीच कथा असते, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

मुद्दा एकच आहे, पॅच हा साक्षीदार आहे, आरोपी नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये जी दोन चित्रं एकावर एक येतात त्याचा आणि फिल्मवर काय पडतंय याचा थेट संबंध काहीच नसतो. एसएलआरमध्ये तुम्ही लेन्समधूनच बघता, त्यामुळे डोळ्याला सॉफ्ट दिसलं की कळतं. रेंजफाइंडरमध्ये लेन्स पुढेमागे होताना एक दांडी हलवते, दांडी आतला आरसा नाहीतर प्रिझम हलवते आणि तुम्ही फक्त ते आरशाचं नाटक बघत असता. लेन्सवर टोपी असली तरी पॅच सुंदर जुळतो. म्हणजे इथे दोन वेगळे हिशोब आहेत, एक लेन्स आणि फिल्मचा, दुसरा लेन्स आणि पॅचचा. पहिला चुकलेला असताना दुसरा बरोबर केला तर काय होणार? तुम्ही आता चुकीच्या जागी अगदी अचूक फोकस करणार.

पण त्याच्याही आधी, फोटो खरंच फोकसमुळे सॉफ्ट आहे का ते बघा. यात लोक सगळ्यात जास्त घाई करतात.

स्कॅन मोबाइलवर झूम करून बघू नका, म्हणजे बघा पण आधी ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) बघा. ग्रेन कडक, टोकदार दिसतोय आणि चित्र मऊ आहे, तर गडबड कॅमेऱ्यात किंवा हातात. ग्रेनच नीट दिसत नाहीये, सगळं दुधात भिजवल्यासारखं आहे, तर आधी स्कॅनवर संशय घ्या. लॅबमध्ये छोट्या साइजचं घाईचं स्कॅन झालं असेल तर त्यावरून कॅमेऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, निगेटिव्ह परत मागा (हो, निगेटिव्ह मागून घ्यायच्या असतात, बरेच नवीन लोक फक्त स्कॅन ईमेलवर घेतात आणि निगेटिव्ह लॅबमध्येच राहतात) आणि मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून चांगल्या भिंगाने बघा. भिंग नसेल तर एसएलआरची ५० एमएम लेन्स उलटी धरली तरी चालतं.

मग त्या सॉफ्ट फ्रेममध्ये दुसरं काहीतरी शार्प आहे का ते शोधा. चेहरा मऊ आहे पण मागची जाळी, किंवा पुढचा चहाचा कप कडक आहे, तर फोकस चुकलाय हे नक्की, आणि कुठल्या दिशेला चुकलाय तेही कळलं. हे फार महत्त्वाचं आहे, लिहून ठेवा. प्रत्येक फ्रेममध्ये फोकस मागेच जात असेल तर बहुधा यंत्राचा दोष, कधी पुढे कधी मागे जात असेल तर बहुतेक वेळा माणसाचा. फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नाहीये आणि दिव्यांना छोट्या शेपट्या फुटल्यात, तर हात हलला. फ्रेमची एकच बाजू मऊ, दुसरी छान, असं एफ ८ ला पण (ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) होत असेल तर लेन्स तिरकी बसलीये किंवा मागची फिल्म दाबणारी प्लेट नीट दाबत नाहीये. आणि सगळं शार्प आहे पण उजेडाभोवती धुकं आहे, काळा रंग राखाडी झालाय, तर ते आपल्या पावसाळ्याचं देणं, हेझ (काचेवरचा धूसर थर) किंवा फंगस (बुरशी), त्याला अलाइनमेंट करून काही होणार नाही.

हात हलण्याचा आणि ॲपर्चरचा एक सापळा आहे तो इथेच सांगतो, कारण कॅनोनेट आणि याशिका या दोघींचा सापळा बरोबर उलटा आहे. कॅनोनेट क्यूएल१७ जी थ्री ऑटोवर असली की शटरचा स्पीड तुम्ही ठरवता, ॲपर्चर ती ठरवते. लोकांना वाटतं ५०० वर (म्हणजे १/५०० सेकंदावर) ठेवलं की सगळं शार्प येणार, आणि मग सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या सावलीत २०० आयएसओच्या फिल्मवर ५०० लावून फोटो काढतात. कॅमेरा बिचारा ॲपर्चर पूर्ण उघडतो, एफ १.७ किंवा २ वर जातो, आणि फोकसमधली बारीकशी चूकसुद्धा उघडी पडते. व्ह्यूफाइंडरमध्ये काटा ॲपर्चर दाखवत असतो, तो बघायची सवयच नसते. याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये उलटं, ॲपर्चर तुम्ही देता आणि स्पीड ती ठरवते, मग सेफ राहावं म्हणून कुणी एफ ११ लावून ठेवतो आणि सावलीत शटर इतका स्लो होतो की हात हललाच समजा. तिथे पिवळा दिवा लागतो, तो स्पीड १/३० सेकंदाहून स्लो झाल्याची खूण आहे, तो दिसला की ॲपर्चर उघडा नाहीतर कॅमेरा भिंतीला टेकवा. याशिकाचा पिवळा दिवा लागतच नसेल तर बॅटरी तपासा, आणि बॅटरी ठीक असेल तर तो वेगळाच आजार आहे, फोकसचा नाही.

आता फोकसची चूक किती चालते ते आकड्यात बघू म्हणजे अंदाज येतो. ४० एमएमची लेन्स, एफ १.७, माणूस एक मीटरवर, तर शार्प पट्टा एकूण साधारण सहा सेंटीमीटर, म्हणजे पुढे तीन आणि मागे तीन. तीच लेन्स एफ ८ ला, तीन मीटरवर फोकस, तर साधारण दोन मीटरपासून सव्वापाच मीटरपर्यंत सगळं चालून जातं. म्हणून तुळशीबागेतले दुपारचे फोटो छान येतात आणि रात्री हॉटेलातले बिघडतात, कॅमेरा तोच, आजारही तोच, फक्त दुपारी तो झाकला जातो. मित्र म्हणायचा की कॅमेरा मूडी आहे. मूडी वगैरे काही नाही, दिवसा ॲपर्चर बंद असतं एवढंच.

आणि त्या सहा सेंटीमीटरमधून अजून एक गोष्ट खाते, ती म्हणजे फोकस करून फ्रेम सरकवणं. पॅच मधोमध असतो, डोळ्यावर फोकस करता आणि मग चेहरा कडेला यावा म्हणून कॅमेरा वळवता. एक मीटरवर १५ अंश वळवला तर फोकस डोळ्याच्या जवळजवळ साडेतीन सेंटीमीटर मागे जातो, साधी त्रिकोणमिती आहे, आणि फोकसच्या पुढे आपल्याकडे तीनच होते. वर तुमचं पुढेमागे डुलणं वेगळं. त्यामुळे ज्यांचे फक्त जवळचे, फक्त उघड्या ॲपर्चरचे आणि फक्त कडेला माणूस असलेले फोटो मऊ आहेत त्यांनी मेकॅनिककडे जायची गरज नाही, मान थोडी मागे घ्या किंवा एफ ४ वर या.

एवढं सगळं गाळून झाल्यावरही यंत्रावरच संशय असेल तर मग टेस्ट. रोल वाया घालवू नका, फिल्म आता इतकी महाग झालीये की टेस्टसाठी वर्तमानपत्राचे फोटो काढायला जीव होत नाही. बॅक उघडा, फिल्म नसताना अर्थात. फ्रेमच्या वर-खाली दोन-दोन पट्ट्या, म्हणजे रेल्स, दिसतील, आतल्या पट्ट्यांवर फिल्म टेकते आणि बाहेरच्यांवर मागची प्लेट. आपल्याला आतल्या हव्यात. जुन्या सीडीच्या कव्हरचा पारदर्शक तुकडा ३५ एमएमपेक्षा किंचित कमी रुंद कापा म्हणजे बाहेरच्या पट्ट्यांच्या मधे बसेल, त्याच्या एका बाजूला मॅट फिनिशची चिकटपट्टी लावा, बुडबुडे नकोत, आणि ती चिकटपट्टीची बाजू लेन्सकडे करून आतल्या रेल्सवर टेकवा. यापुढे पट्टी म्हटलं की हा तुकडा. चिकटपट्टीच का, नुसता बटर पेपर का नाही, तर बटर पेपर मधे झोळ खातो. आणि एफ १.७ ला फिल्मच्या जागेत ०.०५ मिलिमीटर इकडेतिकडे एवढीच सूट असते, म्हणजे झोळ परवडत नाही.

शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती सेटिंग), ॲपर्चर ऑटोवरून काढून १.७ वर, लॉकवाली केबल रिलीज (बटण दाबून धरणारी वायर) लावून शटर उघडा ठेवा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर. कॅनोनेटचं शटर मेकॅनिकल आहे, त्यामुळे बॅटरी नसली तरी हे सगळं होतं. फोकस इन्फिनिटीला (रिंगवरच्या सगळ्यात लांबच्या खुणेला) टेकवा आणि लांब बघा. पुण्यात याची चंगळ आहे, पर्वतीवर नाहीतर वेताळ टेकडीवर जा, हवा स्वच्छ असेल तर सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो, उभा, बारीक आणि खूप किलोमीटर लांब, इन्फिनिटीसाठी याहून चांगलं काही मागू नका. टेकडी चढायचा कंटाळा असेल तर रात्री गच्चीवरून चंद्र किंवा लांबचा एकटा दिवा घ्या, पण एक किलोमीटरच्या आतलं काही नको. समोरच्या सोसायटीची टाकी ही इन्फिनिटी नाही, कितीही लांब वाटली तरी. मागच्या पट्टीवर भिंग टेकवून बघा टॉवर कडक आहे का, डोक्यावर काळा कपडा घ्या, लोक बघतील, बघू देत.

इथे चार गोष्टी होऊ शकतात. पट्टीवर टॉवर कडक आणि पॅचही जुळलेला, तर इन्फिनिटी ठीक आहे, मग घरी येऊन एक मीटरवर तपासा, मेजरिंग टेपने अंतर फिल्मच्या जागेपासून मोजा, लेन्सच्या टोकापासून नाही. पट्टीवर कडक पण पॅचमध्ये दोन टॉवर, तर फक्त रेंजफाइंडर सरकलाय, ही सगळ्यात सोपी केस, मेकॅनिकने पॅच जुळवला की संपलं. पट्टीवर मऊ पण पॅच छान जुळलेला, ही ती गुऱ्हाळवाली केस, कुणीतरी कधीतरी लेन्स साफ करायला उघडली, परत बसवताना तिची जागा चुकली, आणि मग वरचा पॅच त्या चुकीच्या जागेला जुळवून दिला. आणि चौथी, दोन्ही चुकीचं, तर आधी लेन्स आणि मग पॅच, क्रम उलटा करायचा नाही. इन्फिनिटीला बरोबर आणि एक मीटरला चूक असं असेल तर आतल्या दांडीचं प्रमाण बिघडलंय, ते घरी करू नका, त्यात एक टोक जुळवलं की दुसरं हलतं, परत पहिल्याकडे यावं लागतं, असं मागेपुढे करत दोन्ही बसवावं लागतं आणि त्याला सवयीचा हात लागतो.

पॅच वर-खाली सरकलाय, आडवा नाही, तर घाबरू नका, त्याने फोकस चुकत नाही, फक्त जुळलं की नाही हे ओळखायला त्रास होतो. उभी रेघ बघून फोकस करा, दाराची चौकट, विजेचा खांब, काहीही. पॅच फिका असेल तर समोरच्या मोठ्या काचेच्या बाहेरून मधोमध काळ्या टेपचा छोटा तुकडा लावून बघा, बाकीचं चित्र तिथे काळं पडतं आणि पॅच उठून दिसतो. आतली अर्धपारदर्शक काच मात्र पुसायला जाऊ नका, तिच्यावरचा मुलामा कापसाबरोबर निघून येतो आणि मग पॅच कायमचा गेला.

आता मूळ प्रश्न, दुरुस्त केल्यावरही परत परत का बिघडतं. लेन्सची जागा चुकलेली असणं हे एक कारण झालं, ते तर दुरुस्त झालेलंच नसतं, फक्त कधी जास्त दिसतं कधी कमी. दुसरं कारण अगदी फालतू आहे आणि म्हणूनच राहून जातं. ॲडजस्टमेंटच्या स्क्रूवर कंपनीतून लाखेसारखा ठिपका लावलेला असतो, तो स्क्रू हलू नये म्हणून. अलाइन करताना तो तुटतो, आणि परत लावला नाही तर स्क्रू मोकळा. मग कॅमेरा जातो स्कूटरच्या डिकीत, खाली आपले रस्ते आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर, रोज कात्रज ते डेक्कन अशी मालिश झाली की स्क्रू किती दिवस जागेवर राहील? डिकीत उन्हाने तापतं ते वेगळंच, जुनं ग्रीस पातळ होऊन शटरच्या पात्यांकडे सरकतं आणि मग शटर चिकटायला लागतं, तो पुढचा खर्च. कॅमेरा खांद्यावर किंवा अंगावरच्या बॅगेत ठेवा, डिकीत नाही, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. मेकॅनिकला मात्र स्पष्ट विचारा, स्क्रू लॉक केला का. साधं नेलपॉलिश चालतं. फेविक्विक नको, त्याच्या वाफा काचेवर पांढरट थर धरतात आणि पुढच्या वेळी स्क्रू निघता निघत नाही.

तिसरं कारण, पूर्ण लेन्सचा डबाच ढिला असणं. बॉडी एका हातात, लेन्स दुसऱ्या हातात धरून हलकेच हलवा. फोकसच्या रिंगला किंचित खेळ असतो तो चालतो, पण सगळी लेन्सच टक-टक हलत असेल तर आतले स्क्रू ढिले झालेत, आणि तोपर्यंत कितीही वेळा पॅच जुळवला तरी काही उपयोग नाही कारण प्रत्येक फोटोला लेन्स नव्या जागी असणार. फोकस रिंगला खेळ असेल तर एक सवय लावून घ्या, नेहमी इन्फिनिटीकडूनच जवळ यायचं, पुढे गेलात तर परत मागे जाऊन यायचं, म्हणजे खेळ दर वेळी एकाच बाजूला राहतो.

सोव्हिएत कॅमेऱ्यांचं थोडं वेगळं आहे. झोर्की ४ ला पुढच्या बाजूने छोटा स्क्रू काढला की आत इन्फिनिटीचा स्क्रू मिळतो, वरचं कव्हर न काढता, त्यामुळे लोक तो उठसूट फिरवत बसतात. आधी पट्टीची टेस्ट करा, मग फिरवा. स्पीड बदलायचा तो फिल्म पुढे घेतल्यावरच, आधी नाही, हे फोकसशी संबंधित नाही पण आलोच आहे तर सांगून ठेवतो. आणि झोर्की किंवा फेडची ज्युपिटर लेन्स ॲडॅप्टर लावून लायकावर चढवली आणि जवळचे फोटो मऊ यायला लागले तर त्यात कुणाचाही दोष नाही, दोघांचं फोकसचं गणित थोडं वेगळं आहे, लांब ठीक येतं आणि जवळ उघड्या ॲपर्चरला चुकतं.

विकत घेणाऱ्यांसाठी, रविवारी नाहीतर बुधवारी जुन्या बाजारात उभे असाल तर विक्रेता तुम्हाला पट्टी लावून बसू देणार नाही, पण दोन मिनिटं देतो. लेन्स हलवून बघा. लांबच्या एखाद्या उंच बिल्डिंगच्या कडेवर पॅच इन्फिनिटीला जुळतो का बघा. वरच्या कव्हरच्या आणि लेन्सच्या पुढच्या रिंगच्या खाचा बघा, ओरखडे असतील, स्क्रूची डोकी चावलेली असतील तर आत कुणीतरी जाऊन आलंय, जपानी कॅमेऱ्यांचे क्रॉस स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने हमखास चावले जातात. अशा कॅमेऱ्यात लेन्सची जागा चुकलेली असण्याची शक्यता जास्त, भाव तेवढा पाडून मागा. बॅक उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि शटर बी वर धरून पुढून बघा, कोळ्याच्या जाळीसारखं काही दिसलं तर फंगस. उघडलाच गेला नसलेला, धुळकट, पॅच सरकलेला कॅमेरा हा चकचकीत करून ठेवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा मला कधीही बरा वाटतो, त्यात फक्त काळानेच बिघाड केलेला असतो.

मेकॅनिककडे देताना "फोकस बघा" एवढंच सांगू नका, तेवढं ऐकून समोरचा पॅच जुळवून देतो आणि त्याचं चूकही नाही. टेस्टमध्ये काय आलं ते कागदावर लिहून कॅमेऱ्याबरोबर द्या, इन्फिनिटीला पट्टीवर मऊ, पॅच जुळतो, एक मीटरला फोकस मागे जातो, असं. आणि परत घेताना पट्टी खिशात घेऊन जा, तिथेच रस्त्यावर उभं राहून तपासा, पैसे नंतर.